चार-पाच वर्षांच्या मुलाचा वाढदिवस: अमेरिकेत, अडीचशे डॉलरमध्ये

वाढदिवसाचा खर्च वाढतो तो बहुतेक वेळा माणसं मोजताना. वर्गातली १२ मुलं बोलवायची ठरतात. चार वर्षांचं मूल एकटं येत नाही, त्यामुळे आई किंवा बाबा आले, धाकटी भावंडं आली. मग मंडळातली पाच-सहा कुटुंबं, कारण त्यांनी आपल्याला बोलावलं होतं. त्यांच्यापैकी दोघांकडे भारतातून आई-वडील आलेले असतात, त्यांना घरी ठेवून या असं कसं म्हणणार? बाराचे पंचावन्न होतात. पंचावन्न माणसं घरात मावत नाहीत म्हणून हॉल घ्यायचा, हॉल घेतला की पूर्ण जेवण द्यायचं, आणि जेवण आलं की वाढायला, आवरायला माणसं हवीत. यात वाढदिवस असलेलं मूल कुठेच नसतं. तीन तासांच्या गोंधळाने ते केक कापायच्या आधीच रडकुंडीला आलेलं असतं.

म्हणून पहिला सल्ला हाच की कार्यक्रम दोन करा. वर्गातल्या मुलांसाठी पार्कमध्ये दोन तास: खेळ, पिझ्झा, केक, घरी. मराठी मित्रमंडळींसाठी दुसऱ्या एखाद्या शनिवारी संध्याकाळी घरी पावभाजी, ना सजावट ना रिटर्न गिफ्ट. एकत्र समारंभात जेवण, जागा आणि भेटवस्तू तिन्ही सगळ्यात मोठ्या आकड्याने गुणल्या जातात. वेगळे केले की प्रत्येक खर्च त्याच्या त्याच्या आकड्यापुरता राहतो.

पार्कच्या कार्यक्रमाचा हिशेब साधारण असा बसतो. १२ मुलं, ४ भावंडं आणि १५ मोठे धरा. जागेला ७० डॉलर, पिझ्झाला ४०, फळं-ज्यूस-पाण्याला २५, केकला २५, ताटल्या-पेले-नॅपकिनला २०, खेळांच्या सामानाला १५, रिटर्न गिफ्टला मुलामागे ३ प्रमाणे ३६. झाले २३१. उरलेले १९ ऐन वेळी लागणाऱ्या बर्फाला आणि विसरलेल्या मेणबत्त्यांना. जागेचा आकडा गावागणिक बदलतो, बाकीचे फारसे हलत नाहीत.

आमंत्रण देताना दोन गोष्टी सांभाळा. शाळेत दप्तरांतून पत्रिका वाटायच्या असतील तर बहुतेक शाळांचा नियम असतो की सगळ्या वर्गाला द्या. मोजकीच मुलं बोलवायची असतील तर पालकांना थेट मेसेज करा. कुणाला बोलवायचं हे ठरत नसेल तर मुलाच्या वयात एक मिळवून तेवढी मुलं, हा अमेरिकेतला जुना ठोकताळा लहान मुलांसाठी खरोखर चांगला आहे. दुसरं म्हणजे 'येताय का' एवढंच विचारू नका. 'मुलं किती, मोठे किती, कुठली ॲलर्जी आहे का' असं विचारा आणि उत्तराची तारीख दहा दिवस आधीची ठेवा. वेळ लिहिताना संपायची वेळही लिहा: दुपारी २ ते ४. या वेळेत कुणाला पूर्ण जेवणाची अपेक्षा नसते. एकच खबरदारी घ्या. तुमचा पाहुणा अजून दुपारी झोपणारा असेल तर सकाळी १० ते १२ बरं.

जागा

शहराच्या किंवा काउंटीच्या पार्क खात्याकडे छपराखालची बाकं-टेबलं, म्हणजे शेल्टर, भाड्याने मिळतात. रहिवाशांना दर कमी असतो, त्यामुळे पत्त्याचा पुरावा हाताशी ठेवा. मे ते सप्टेंबरचे शनिवार-रविवार काही महिने आधीच भरतात. परवान्यावरच्या वेळेत मांडणं आणि आवरणंही धरलेलं असतं, म्हणून दोन तासांच्या पार्टीसाठी साडेतीन ते चार तास घ्या. परवान्यासोबतचे नियम पैसे भरायच्या आधी वाचा: कॉन्फेटी, पाण्याचे फुगे, पिन्याटा (खाऊ भरून टांगायचा आणि फोडायचा कागदी पुतळा), चिकटपट्टी यांना बऱ्याच ठिकाणी मनाई असते, आणि उड्या मारायच्या बाउन्स हाउससाठी विम्याचं प्रमाणपत्र मागतात. वीज आहे का आणि बाथरूम किती लांब आहे हे एकदा जाऊन बघा. चार वर्षांच्या मुलासाठी दोनशे पावलांवरचं बाथरूम म्हणजे बाथरूम नसल्यात जमा.

अपार्टमेंटचं क्लबहाउस स्वस्त पडतं. तिथे अनामत रक्कम साफसफाईवर अडकते, त्यामुळे आत शिरल्या शिरल्या खोलीचे चार फोटो काढून ठेवा. पार्क घेतलं असेल तर पावसाची सोय म्हणूनही क्लबहाउस कामी येतं.

पिझ्झा, केक आणि डबा उघडण्याआधीचा एक प्रश्न

कॉस्टकोच्या फूड कोर्टमधला १८ इंची चीज पिझ्झा बरीच वर्षं ९.९५ डॉलरला आहे आणि त्याचे बारा तुकडे होतात. मुलांना एकेक आणि मोठ्यांना दोन-दोन धरले तर ४६ तुकडे, म्हणजे चार पिझ्झे. शनिवारी दुपारी रांग असते, त्यामुळे फोनवर आधी ऑर्डर द्या. खोके मोठे असतात, गाडीच्या सीटवर तिरके बसतात आणि चीज एका बाजूला घसरतं. डिकीत सपाट ठेवा. तिथलाच हाफ शीट केक पंचवीस डॉलरच्या आसपास पडतो आणि ४८ जणांना पुरतो. लांबीला आठ आणि रुंदीला सहा भाग केले की दोन-दोन इंचांचे चौकोन पडतात. ऑर्डर चार-पाच दिवस आधी बेकरीत द्या. सदस्यत्व नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगा.

त्या केकमध्ये अंडं असतं. अंडं न खाणारे पाहुणे असतील तर केक मिक्सच्या एका खोक्यात एक कप घट्ट दही आणि एक कप पाणी घाला, २४ कागदी कपांत दोन तृतीयांश भरा आणि ३५० अंश फॅरनहाइटला १८ ते २० मिनिटं भाजा. क्रीम लावायची घाई करू नका. कोमट कपकेकवर क्रीम वितळून कडेने ओघळतं, निदान दोन तास थांबा. दही निवडताना लेबल वाचा, इथल्या काही दह्यांत जिलेटिन असतं. मार्शमेलोत आणि बहुतेक गमी गोळ्यांतही तेच असतं, आणि ते जनावरांपासून काढतात. शाकाहारी घरातल्या मुलाच्या पिशवीत ते नकळत जाऊ नये.

ॲलर्जीचा मुद्दा मराठी स्वयंपाकघराला जास्त लागू होतो, कारण आपल्याकडे शेंगदाणा दिसत नाही तिथेही असतो. कोशिंबिरीत कूट, चिवड्यात दाणे, साबुदाण्याच्या खिचडीत कूट, फोडणीला शेंगदाणा तेल. चकलीत तीळ. बर्फीत काजू. मिक्सरच्या ज्या भांड्यात काल कूट केलं त्यात आज चटणी वाटली तर तीही धोक्याची. अमेरिकेच्या कायद्याने मुख्य ॲलर्जनांच्या यादीत नऊ पदार्थ आहेत: दूध, अंडं, मासे, कवचातले मासे, झाडावरचा सुकामेवा, शेंगदाणा, गहू, सोया आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ. वर्गातल्या मुलांसमोर घरचा खाऊ ठेवण्याचा मोह आवरा. बंद पाकिटातला खाऊ द्या आणि पाकीट फेकू नका, ते टेबलावरच राहू द्या, म्हणजे पालकांना तुम्हाला न विचारता लेबल वाचता येतं. चकली-चिवडा घरच्या संध्याकाळी काढा, आणि तिथेही विचारूनच.

द्राक्षं असतील तर उभी चार भागांत चिरा. पॉपकॉर्न आणि अख्खे दाणे चारच्या खालच्या मुलांपासून दूर ठेवा. भावंडं याच वयाची असतात हे लक्षात असू द्या. रबरी फुग्यांचंही तेच: न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा आठ वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतो, तसा इशारा पाकिटावरच छापलेला असतो. फुगा फुटला की तुकडे लगेच उचला. चकचकीत फॉइलचे हेलियम फुगे विजेच्या तारांना लागून बिघाड करतात, म्हणून कॅलिफोर्नियात त्यांना वजन बांधणं कायद्याने सक्तीचं आहे.

दोन तास कसे जातात

पहिली वीस मिनिटं लोक येत असतात. तेव्हा टेबलावर रंगवायचे कागद, म्हणजे लवकर आलेली मुलं अडत नाहीत. मग अर्धा तास खेळ, प्रत्येक सात-आठ मिनिटांचा, त्याहून लांबला की मुलं पांगतात. संगीत खुर्ची या वयाला नको, बाद झालेलं मूल रडतं आणि उरलेला वेळ त्याची समजूत काढण्यात जातो. त्याऐवजी गाणं थांबलं की स्टॅच्यू, पण बाद कुणीच नाही. 'शिवाजी म्हणतो' अमेरिकन मुलांना लगेच येतो, कारण त्यांच्याकडे तोच खेळ सायमनच्या नावाने आहे. लिंबू-चमच्यात लिंबाऐवजी छोटा बटाटा घ्या, कमी घरंगळतो. पिन्याटा घेतलाच तर काठीने फोडायचा नको, दोऱ्या ओढायचा घ्या.

त्यानंतर पाऊण तास पिझ्झा, केक आणि गाणं. उरलेला वेळ घसरगुंडीवर मोकळं खेळणं, निरोप घेणं. केक शेवटच्या पाच मिनिटांवर ढकलू नका, पालक तेव्हा बूट शोधत असतात. उन्हाळ्यात पारा ९० फॅरनहाइटच्या वर असेल तर अन्न एका तासाच्या वर बाहेर ठेवू नका, एरवी ही मर्यादा दोन तासांची. एका पिशवीत लायटर, सुरी, कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या, ओले रुमाल आणि बँडेज आदल्या रात्री भरून दाराशी ठेवा. यातलं लायटर हमखास राहतं.

औक्षण मात्र पार्कमध्ये नको. वाऱ्यात निरांजन टिकत नाही आणि क्लबहाउसमध्ये उघडी ज्योत सहसा चालत नाही. सकाळी घरी पाटावर बसवून कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, सगळं निवांत करा आणि आजी-आजोबांना व्हिडिओवर घ्या. उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळी ९ वाजता भारतात संध्याकाळचे साडेसहा असतात, कॅलिफोर्नियात ९ ला रात्रीचे साडेनऊ. नोव्हेंबर ते मार्च भारतात आणखी एक तास पुढे, त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्यात आठलाच बसा. मुलासाठी दिवसातला सगळ्यात शांत आणि आपला वेळ हाच असतो.

घरची पावभाजी, २५ मोठे आणि १० मुलं

बटाटे अडीच किलो, फ्लॉवर सव्वा किलो, गोठवलेले मटार एक किलो, ढोबळी मिरची पाऊण किलो, टोमॅटो अडीच किलो, कांदे दीड किलो, लोणी अर्धा किलो, पावभाजी मसाला १०० ग्रॅम. मोठ्यांना तीन आणि मुलांना एक धरून ८५ पाव. गोड हवाईयन रोल घेऊ नका, भाजीची चव मारतात. साधे डिनर रोल आणा.

भाज्या आदल्या दिवशी शिजवून ठेवायच्या तर मोठ्या पातेल्यात तशाच फ्रिजमध्ये ठेवू नका. मधला भाग तासन् तास कोमट राहतो आणि सकाळी भाजीला आंबूस वास येतो. उथळ ट्रेमध्ये पसरून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी कांदा, ढोबळी, टोमॅटो लोण्यात परतून मसाला घाला, आणि तिखट घालण्याआधी मुलांचं बाजूला काढा. भाजी पूर्ण उकळल्यावरच स्लो कुकरमध्ये ओता, सहा क्वार्टचे दोन लागतील. गार भाजी त्यात लवकर गरम होत नाही, तो गरम ठेवण्यापुरता आहे.

पाव विजेच्या तव्यावर भाजायला गेलात तर १५ अँपिअरच्या सर्किटवर १,८०० वॉटची मर्यादा असते आणि तवाच १,५०० घेतो, शेजारी मायक्रोवेव्ह सुरू झाला की ब्रेकर पडतो. ट्रेमध्ये लोणी लावून पाव मांडा, वरून फॉइल झाका आणि ३५० अंशांवर ओव्हनमध्ये आठ मिनिटं ठेवा. ४० पाव एका वेळी निघतात.

मित्रमंडळी विचारतील की काय आणू? गोड, दही-काकडी आणि बर्फ अशी नावं घेऊन वाटून द्या. 'काही नको' म्हटलं तर प्रत्येकजण खेळणं आणतो.

रिटर्न गिफ्ट

मराठी गटांत रिटर्न गिफ्टचं प्रकरण हळूहळू चढत जातं आणि कुणालाच थांबवता येत नाही. मुलामागे तीन डॉलर पुष्कळ झाले: प्ले-डोचा एक डबा, किंवा खडू आणि साबणाच्या फुग्यांची बाटली. पाच बारक्या वस्तूंपेक्षा एक टिकणारी वस्तू चांगली, बारक्या वस्तू गाडीतच तुटतात आणि तिनाखालच्या भावंडाच्या तोंडात जातात.

याहून चांगला मार्ग पुस्तकांच्या अदलाबदलीचा. आमंत्रणातच लिहा: भेट नको, कागदात गुंडाळलेलं एक पुस्तक आणा, जुनं चालेल. जाताना प्रत्येक मूल टोपलीतून एक उचलतं. येणाऱ्या भेटी आणि जाणाऱ्या भेटी असे दोन्ही खर्च यात मिटतात. तुम्ही स्वतः पाच-सहा जादा पुस्तकं ठेवा, भावंडांसाठी आणि विसरून आलेल्यांसाठी. सार्वजनिक ग्रंथालयांच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत ती डॉलर-दोन डॉलरला मिळतात. गुंडाळलेल्या कागदावर देणाऱ्याचं नाव लिहायला सांगू नका, वयोगट लिहायला सांगा, नाहीतर दोन वर्षांच्या भावंडाच्या हातात डायनोसॉरचा जाडजूड कोश येतो.