कमी धोक्याच्या ग्रामीण भागात पूर्वतयारीची सुरुवात
आपल्या भागात मोठी आपत्ती क्वचितच येत असल्याने महागड्या खरेदीची घाई करू नये. बहुतेक नवखे तिथेच फसतात, मीही फसलो होतो. खरा प्रश्न असतो तो वादळानंतर दोन-तीन दिवस वीज आणि रस्ता बंद राहण्याचा, आणि विहिरीवरचा पंप विजेवर चालत असेल तर वीज गेल्यावर नळही कोरडा पडतो. म्हणून आधी पाणी साठवावे: माणशी दररोज सुमारे ४ लिटर, किमान ३ दिवसांचे. मग नेहमीची औषधे, न शिजवता खाता येणारे अन्न आणि विजेरी. मात्र सेल आत घालून ठेवू नयेत, ते पाझरतात आणि ऐन वेळी स्प्रिंगवर पांढरी पूड तेवढी सापडते. जनरेटर घेतलाच, तर घरात किंवा खिडकीजवळ कधीही चालवू नये, कारण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.