हातवाऱ्यांचा पडदा आणि अवघडलेले हात

प्रश्न : कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांच्या भित्तिचित्रांची छायाचित्रे मोठ्या पडद्यावर यावीत आणि प्रेक्षकाने कशालाही न शिवता, नुसत्या हाताने ती सरकवावीत, जवळून पाहावीत, अशी व्यवस्था आमच्या मंडळाने कॅमेरा बसवून केली आहे. मात्र चित्र हातामागे रेंगाळते, कोणी शेजाऱ्याला काही दाखवू लागले तरी सरकते आणि ज्येष्ठांचे हात भरून येतात. अधिक ताकदीचा संगणक घ्यावा का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : नव्या संगणकाने पहिली तक्रार थोडी कमी होईल, उरलेल्या दोन आखणीतल्या आहेत.

सेकंदाला ३० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या लागोपाठच्या दोन चित्रांमधल्या अंतरातच सुमारे ३३ मिलिसेकंद जातात. त्यात हात ओळखण्याचा, त्याची थरथर गाळण्याचा आणि चित्र रेखाटण्याचा वेळ मिळून बेरीज १०० मिलिसेकंदांपलीकडे गेली, की चित्र आपल्या हाताला जोडलेले आहे ही भावना ओसरू लागते. म्हणून मूळ छायाचित्राच्या लहान-मोठ्या तपशिलाच्या प्रती आधीच चौकटींत कापून ठेवाव्यात, हात हलत असताना ढोबळ प्रत दाखवावी आणि हात थांबल्यावर बारकावे भरावेत. सरकत्या चित्रातील अस्पष्टता डोळा खपवून घेतो, उशीर मात्र नाही.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे, कारण माणसाचे हात बोलतानाही हलतात आणि त्यांतली कोणती हालचाल यंत्रासाठी आहे, हे कॅमेऱ्याला आपोआप कळत नाही. १९८० मध्ये अमेरिकेतील एमआयटी या तंत्रसंस्थेत रिचर्ड बोल्ट यांनी मांडलेल्या पद्धतीत हात केवळ जागा दाखवी, आज्ञा आवाजाने दिली जाई. गजबजलेल्या दालनात आवाजाचा भरवसा नाही. तेव्हा मूठ मिटली तरच चित्र पकडले जावे, उघडताच सुटावे, आणि पकडल्याची खूण पडद्यावर तत्काळ उमटावी.

हात दुखणे जुनेच आहे. उभ्या पडद्यावर प्रकाशलेखणी (संगणकाच्या पडद्यावर थेट टेकवून जागा दाखवायची जुनी लेखणी) धरणाऱ्यांनाही ते चुकले नव्हते. कोपर शरीरालगत ठेवून केलेली वीतभर हालचाल पडदाभर पुरेल, असे प्रमाण ठेवावे. खरे तर चित्र जवळून न्याहाळण्यासाठी कमरेच्या उंचीवर बसवलेला साधा स्पर्शपडदा मला अधिक योग्य वाटतो. हातवारे करायला लावले म्हणजे संवाद नैसर्गिक झाला, हा समज उगाच पसरला आहे. दोन्ही सोयी ठेवून, काहीही समजावून न सांगता काही ज्येष्ठांना पडद्यापुढे उभे करावे आणि ते आपणहून कशाकडे वळतात, ते पाहूनच अंतिम मांडणी ठरवावी.