सीलचे नातलग आणि डोंबिवलीची लेक

प्रिय ताई,

डोंबिवलीहून पाठवलेलं तुमचं पत्र वाचलं. लेक बारावी सायन्सला, घरात नीटची तयारी सुरू, आणि ती म्हणते की सील या समुद्री प्राण्याचे नामशेष झालेले, पाणमांजरासारखे दिसणारे नातलग अभ्यासायचेत. ‘हाडं उकरून पोट भरतं का?’ हा तुमचा प्रश्न रास्तच आहे.

पण मुलीला जे आवडलंय, ते वरवरचं नाही. कॅनडातल्या डेव्हन बेटावर 2007 साली पुइजिला या नामशेष प्राण्याचा सांगाडा मिळाला. मीटरभर लांबीचा प्राणी, लांब शेपूट, सीलसारख्या वल्ह्यांऐवजी चार धड पाय. कुणीही पाणमांजरच म्हणेल. कवटी आणि दात मात्र सीलच्या कुळाशी जुळतात. तो सापडला तिथे तेव्हा गोड्या पाण्याचं तळं होतं, म्हणजे हे कूळ समुद्राआधी नदी-तळ्यात पोहायला शिकलं असावं. युरोपातल्या पोटॅमोथेरियम या अशाच दुसऱ्या नामशेष प्राण्याला तर कित्येक वर्षं पाणमांजरांतच धरत होते. आता अनेक अभ्यासक त्याला सीलच्या जवळ मानतात. असे निकाल हाडांवरच्या बारीक खुणांवरून लागतात. ती नजर कमवावी लागते, आणि त्याला वर्षं जातात.

म्हणून मी बीएस्सीला जिऑलॉजी सुचवेन. मुंबईत सेंट झेवियर्सला हा विषय आहे. जोडीला झूऑलॉजी घेता येईल का, हे प्रवेशाआधीच विचारा. पुढे जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईत एमएस्सी, मग पीएचडी. सीलच हवा असा हट्ट मात्र तिने धरू नये. आपल्या कच्छमध्ये पाय असलेल्या आद्य देवमाशांचे जीवाश्म मिळालेत, आणि जमिनीवरचा प्राणी पाण्यात कसा गेला हाच प्रश्न तिथेही आहे.

पैशांचं स्पष्ट सांगते. जीवाश्मांवरच्या संशोधनाच्या जागा मोजक्या आहेत. पण जिऑलॉजीत एमएस्सी झालेल्याला यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा देऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येतं. घर चालवायला हा आधार भक्कम आहे. केवळ तुमच्या मनासाठी, अर्ध्या मनाने नीट देण्यात मात्र तिचं वर्ष जाईल.

परीक्षा झाली की तिला एक काम द्या. रविवारच्या मटणातली नळी आणि सांध्याची हाडं उकळून, घासून वाळवायची आणि मोजमापं घेऊन वहीत काढायची. स्नायू कुठे चिकटला होता, सांधा कोणत्या बाजूला वळतो, हे तिचं तिनेच शोधायचं. महिनाभर यात ती रमली, तर वही घेऊन दोघी मला भेटायला या.