बेचाळिसाव्या ओळीवर थांबलेलं ब्लँकेट

"माझ्या हातून काहीच पूर्ण होत नाही हो." समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांचं पहिलं वाक्य थोड्याफार फरकाने हेच असतं. कुणी अभ्यासक्रम मध्येच सोडलेला असतो, कुणाचं व्यायामाचं वेळापत्रक दुसऱ्या आठवड्यात बारगळलेलं असतं. या बाईंचं होतं क्रोशाचं ब्लँकेट. ओळख पटेल असे त्यांचे तपशील मी बदलले आहेत, लोकरीचे मात्र आहेत तसे ठेवलेत.

डबल बेडवर अंथरता येईल एवढं मोठं, पट्ट्यापट्ट्यांचं ब्लँकेट करायचं त्यांनी ठरवलं होतं. गर्द निळा, राखाडी, पिवळा, प्रत्येक रंगाच्या सहा ओळी. सुरुवात झोकात झाली आणि मग दोन महिने ते बेडरूममधल्या खुर्चीवर पडून राहिलं, सुई तशीच अडकवलेली. "रात्री दिवा मालवताना वाटतं, खुर्चीत माझा आळस बसलाय," त्या म्हणाल्या. नवऱ्याने एकदाच सहज विचारलं होतं, ही खुर्ची मोकळी कधी होणार? तेवढं पुरलं. मग शाळेतलं सोडलेलं पेटीवादन, अर्धवट राहिलेली भाषेची परीक्षा, सगळी जुनी खाती उघडली गेली.

अशा वेळी दोन गोष्टी मी आधी तपासते. झोप, भूक, आवडीच्या माणसांत मन रमणं, हे सगळंच उतरणीला लागलंय का? तसं असेल तर प्रश्न ब्लँकेटचा नसतो, नैराश्याचा असू शकतो. दुसरी गोष्ट एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा अशा लक्षणांची लहानपणापासूनची अवस्था. हल्ली लोक स्वतःच निदान करून येतात, पण त्यासाठी काही लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून असावी लागतात आणि घर, काम अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. यांच्याबाबत दोन्ही नव्हतं. ऑफिसातले हिशेब त्या वर्षानुवर्षं वेळेत संपवत होत्या. ते त्यांच्या खात्यावर जमा होत नव्हतं एवढंच.

मग मी चूक केली. "रोज एकच ओळ विणा, जास्त नाही," असा गृहपाठ दिला. मोठ्या कामाचे लहान तुकडे करावेत हा आमचा हातखंडा सल्ला. दोन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा एकही ओळ वाढली नव्हती, उलट अपराधीपणात गृहपाठ न केल्याची भर पडली होती. त्या रात्री माझ्या लक्षात आलं की त्या कुठे थांबल्या, हे मी विचारलंच नव्हतं. त्या कशा आहेत, एवढंच आम्ही दोघी बोलत बसलो होतो.

पुढच्या वेळी ब्लँकेट घेऊन यायला सांगितलं. मोठ्या पिशवीतून ते बाहेर आलं, आम्ही ते जमिनीवर पसरलं आणि काही क्षण दोघीही गप्प. खालची निळी पट्टी ऐसपैस आणि वर जावं तशा दोन्ही कडा आत आत. विणकाम मलाही थोडं येतं, म्हणून म्हटलं, मोजू या. पहिल्या ओळीत 220 खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, होते. शेवटच्या, बेचाळिसाव्या ओळीत 187.

क्रोशा करणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं असेल. ओळ उलटल्यावर सुरुवातीला तीन साखळ्या, म्हणजे एकात एक ओवलेले साधे फासे, घालतो, त्या पहिल्या खांबाच्या जागी धरतात. परत येताना शेवटचा खांब त्या तिसऱ्या साखळीच्या डोक्यात घालायचा असतो. ती साखळी खांबासारखी दिसत नाही, म्हणून सुटते. दर ओळीला एक खांब कमी. ओळ दर वेळी उलटत असल्याने एकदा या कडेला, एकदा त्या कडेला. त्यांच्या विणीत 10 सेंटिमीटरला 12 खांब बसत होते, म्हणजे रुंदी वीतभराहून जास्त घटली होती. मागे मागे मोजत गेलो तर नवव्या ओळीपर्यंत 220 बरोबर भरले. तोवर त्या दर ओळ मोजत होत्या. पुढे हात बसला आणि मोजणं सुटलं.

"हे तुम्हाला कधी दिसलं?" मी विचारलं.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "बेडवर टाकून पाहिलं तेव्हा. त्याच दिवशी."

म्हणजे त्या विणायला कंटाळल्या नव्हत्या. पुढची प्रत्येक ओळ ब्लँकेट आणखी अरुंद करणार होती आणि मागे जायचं तर 33 ओळी उसवायच्या. माझा गृहपाठ तर त्यांना रोज एक ओळ चुकीच्या दिशेने ढकलत होता! त्यांनी तो केला नाही हे शहाणपणच होतं, आणि तसं मी त्यांना सांगितलं.

उसवायला मन का धजत नाही, यावर मानसशास्त्रात पुष्कळ काम झालंय. आर्क्स आणि ब्लूमर यांनी 1985 मध्ये दाखवलं की नाटकाच्या हंगामी तिकिटाला ज्यांनी पूर्ण किंमत मोजली, ते सवलतीत तिकीट मिळालेल्यांपेक्षा हंगामाच्या पहिल्या भागात जास्त प्रयोगांना गेले. एकदा घातलेलं सोडवत नाही. इथे घातलेले होते सहा-सात हजार खांब.

मी तीन वाटा मांडल्या. उसवणं. आहे तिथून दर ओळीला खांब वाढवत रुंदी परत आणणं. मधे कंबर दिसेल, पण पांघरता येईल. किंवा हे कायमचं बंद करून लोकर गुंडाळून ठेवणं. तिसरीला त्या दचकल्या. "सोडलं तर चालेल?" चालेल की. ठरवून सोडणं आणि खुर्चीवर टाकून ठेवणं यांत मला फार फरक वाटतो. ठरवून सोडलेली गोष्ट रात्री दिवा मालवताना आठवत नाही, निदान रोज तरी नाही.

त्यांनी उसवायचं ठरवलं, तेही तिथेच, माझ्यासमोर. पहिल्या दोन ओळी निघेपर्यंत चेहरा बघवत नव्हता. नंतर नंतर हसायला लागल्या, कारण लोकर सरसर निघते. आठवडाभराचं काम चहाच्या वेळेत गुंड्यावर. मी गुंडा धरला. समुपदेशकाने असं करावं का, यावर माझ्या सहकाऱ्यांचं मत वेगळं असू शकेल.

नवीन विणीत त्यांनी दोन बदल केले. प्रत्येक ओळीच्या तिसऱ्या साखळीत खुणेची पिन अडकवायची आणि पट्टी संपली की मोजायचं, मगच रंग बदलायचा. पेटीवादनाचं काय करायचं, तेही याच पद्धतीने पाहिलं. कुठे थांबलं होतं? शिक्षिका गाव सोडून गेल्या होत्या. दहा वर्षांच्या मुलीचा त्यात काय दोष! ते खातं त्यांनी तिथेच बंद केलं. परीक्षेचं अजून ठरलेलं नाही.

शेवटच्या भेटीला ब्लँकेट तेराव्या पट्टीवर होतं, अर्ध्याच्या थोडं पुढे. निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "आता इथे येणं थांबवलं तर तेही अर्धवट सोडल्यासारखं होईल का?"

मी म्हटलं, मोजून बघा.

थोडा विचार करून त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि पुढची तारीख घेतली नाही.