‘खासदार’ आणि ‘दिले’

प्रश्न : “‘खासदारांनी आमच्या गावाला वीस लाख दिले’ हा प्रयोग बरोबर आहे का? आणि ‘खासदार’ हा शब्द मूळचा कुठला?”

‘दिले’ चूकच. फलकावर, बातमीत, सत्काराच्या भाषणात, सगळीकडे हेच क्रियापद. पण त्याकडे नंतर येतो, आधी शब्द.

‘खास’ अरबी, ‘दार’ फारसी, एवढं शाळेतलं पोरही सांगेल. पुढे हटकून दरबाराची कथा येते : आम दरबारात बसतो तो आमदार, खास दरबारात बसतो तो खासदार. ऐकायला गोड, पण टिकत नाही. लोकसभेचा सदस्य विधानसभेच्या सदस्याइतकाच थेट जनतेने निवडलेला. तो ‘खास’ कसा? आणि मागच्या दाराने विधान परिषदेत गेलेलाही ‘आमदार’च! कथा सांगणारे इथे घसा खाकरतात.

मुळात किल्लेदार, फौजदार, जमीनदार पाहा. ‘दार’च्या आधी नाम लागतं. म्हणून ‘खास’ हे इथे विशेषण नव्हे, ‘खासा’ म्हणजे खुद्द धनी. खाशांची स्वारी, खासगी हे त्याच घरातले. आणि जुन्या मराठीत ‘खासदार’ होताच : घोड्याची निगा राखणारा चाकर, मोतद्दाराचा सख्खा भाऊ. खरारा करायचा, दाणा-वैरण बघायची. दिल्लीचा प्रतिनिधी म्हणून तो शब्द नव्याने जुळवला गेला असेल, ‘आमदार’ला जोड म्हणून, पण लोकांच्या कानाला तो ओळखीचा होता म्हणूनच रुजला, असं माझं ठाम मत आहे. धनी मतदार, हा त्याचा चाकर. अर्थ जागच्या जागी बसतो.

आता ‘दिले’. खासदार स्थानिक विकास निधी 1993च्या डिसेंबरात सुरू झाला. 2011-12पासून वर्षाला 5 कोटी. त्यातला रुपयाही खासदाराच्या हाती येत नाही. तो शिफारसपत्र देतो. अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, काम कुणाकडून करून घ्यायचं, हे सगळं जिल्हा प्रशासन पाहतं. निधीतल्या किमान साडेसात टक्के रकमेच्या शिफारशी अनुसूचित जमातींच्या आणि पंधरा टक्के रकमेच्या अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी हव्यात. देवळाचा सभामंडप यात बसत नाही. गावचं समाजमंदिर बहुधा सातबाऱ्यावर अडतं, कारण जागा कुणा खासगी माणसाच्या नावावर निघते.

मधू दंडवते 1971 ते 1991 राजापूरचे खासदार होते. तेव्हा हा निधीच नव्हता, पण म्हणून त्यांना कुणी नाकर्ता म्हटलं नाही. कोकण रेल्वेचा पाठपुरावा सभागृहात आणि मंत्रालयांत होत होता.

तेव्हा लिहा : ‘खासदारांच्या शिफारशीवरून वीस लाखांचं काम मंजूर झालं.’ फलकावर मावत नसेल तर अक्षरं बारीक करा.