मुलगी कितवीत आहे, हे तुम्ही लिहिलं नाहीत

पुण्यातल्या कॉलेजात विद्यार्थी-कल्याणाचं काम केलंय, आता जर्मनीतल्या एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना सामावून घेण्याच्या कामासाठी दोन वर्षांचं कंत्राट मिळतंय, नवरा आणि मुलगी बरोबर येतील, तर यावं का, असं तुम्ही विचारलंय. दोन ओळींत उत्तर देणार होते. चहा गार झाला तरी लिहितेच आहे.

व्हिसा, पगार, विमा यांची माहिती सरकारी पानांवर आहे, ती तिथेच वाचा. मी जर्मनीतल्या नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालिया या राज्यातल्या एका विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात नऊ वर्षं आहे.

लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे दिवाळी साजरी करणं आणि नव्या पोरांना मदतीला एखादा जर्मन विद्यार्थी सोबती गाठून देणं. तेही करतो. पण पोरं बुडतात ती परीक्षेत. इथे बहुतेक ठिकाणी एका पेपराला तीनच संधी. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम देशात दुसरीकडेही सहसा करता येत नाही. एटीकेटीवर वाढलेल्या पोराला हे तिसऱ्या सत्रात कळतं. आजारी विद्यार्थ्याला जादा वेळ, वेगळी खोली मिळू शकते, त्याला इथे नाखटाइल्सआउसग्लाइश म्हणतात. मात्र अर्ज परीक्षेच्या आधी, डॉक्टरच्या कागदासकट द्यावा लागतो. नैराश्याच्या गोळ्या घेणारी आपली मुलं माझ्यासमोर बसून 'अ‍ॅसिडिटी आहे मॅम' म्हणतात. खरं सांगितलं तर व्हिसा जाईल, अशी भीती. परदेशी विद्यार्थ्यांच्या अडचणींसाठी नेमलेले आमचे प्राध्यापक फार भले गृहस्थ, पण स्वतःचे वर्ग सांभाळून आठवड्यातून दोन तास भेटतात. उरलेला आठवडा तुमचा.

आणखी एक गोष्ट जर्मन सहकाऱ्यांना दिसत नाही, तुम्हाला दिसेल. 2022-23 पासून इथल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय सगळ्यात जास्त आहेत. खोली शोधताना एकमेकांना पहिला प्रश्न असतो, 'पूर्ण नाव काय?' त्यामागे काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको. इथल्या 2006 च्या समान वागणुकीच्या कायद्यात वंश आहे, धर्म आहे, जात हा शब्द नाही. मी एकदा बैठकीत विषय काढला तर 'हे तुमच्या समाजातलं ना?' असं अगदी मायेने विचारलं गेलं. हो म्हणाले आणि गप्प बसले. तुम्ही बसू नका.

कागदांचं थोडं सांगते, कारण अजून डोकं फिरतं. आपलं मधलं नाव त्यांना कळत नाही. मुलीच्या पासपोर्टात तिच्या नावापुढे वडिलांचं नाव होतं, ते नोंदणी कार्यालयाने तिचंच दुसरं नाव धरलं. शाळेच्या यादीत माझी लेक तिच्या बाबांच्या नावाने हजर! दुरुस्तीसाठी जन्मदाखला, त्याचं शपथबद्ध भाषांतर, मग टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ. ती मिळाली चार महिन्यांनी. भारतातलं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकार मारतं तो शिक्का, इथे मानत नाहीत, हे तेव्हा कळलं.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. रविवारी दुकानं बंद असतात तेव्हा जास्त असतो. चालतं.

शाळेचं मात्र चालत नाही. या राज्यात चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या शाळांत वाटली जातात, थेट विद्यापीठाच्या वाटेवरची गिम्नाझियम, दहावीपर्यंतची रेआलशूले वगैरे, आणि कुठल्या शाळेत जावं याची शिफारस वर्गाच्या बाई लिहितात. माझ्या मुलीचे लेखी गुण चांगले होते. बाई म्हणाल्या, 'ती वर्गात बोलत नाही, रेआलशूले तिला झेपेल.' इथे वर्गात तोंड उघडण्याला गुण असतात. आमच्या घरी मोठी माणसं बोलत असताना मुलांनी मध्ये बोलायचं नाही, ही शिस्त मीच लावलेली.

त्याच आठवड्यात मी तीस प्राध्यापकांसमोर उभी राहून सांगितलं होतं की भारतीय विद्यार्थी गप्प आहे म्हणजे त्याला येत नाही असं समजू नका. टाळ्या पडल्या होत्या. आणि त्या छोट्या खुर्चीवर बसून मी मान डोलावली. इथे शिफारस पालकांवर बंधनकारक नसते, शेवटचा शब्द आपला असतो, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या मुलांना रोज हेच सांगते ना, अर्ज करा, विचारा, घाबरू नका! नवऱ्याने घरी येऊन विचारलं, 'तू काही बोलली का नाहीस?' मी म्हटलं, 'बाई अनुभवी आहेत.'

ती आता आठवीत आहे, रेआलशूलेतच. मजेत आहे, हँडबॉल खेळते, दहावीनंतर पुढचे रस्ते उघडे असतात हेही खरं. मला विचारते, 'आई, तुझ्या ऑफिसात तू सगळ्यांसाठी भांडतेस ना?'

तुमची मुलगी पहिली-दुसरीत असेल तर या, भाषेला वेळ मिळेल. चौथीत असेल तर कंत्राटावर सही करण्याआधी मला फोन करा, रविवारी मी घरीच असते.