मे महिन्यात घसरलेलं क्रीम

ताई, तुमचं वाचलं आणि २०१८ च्या मे महिन्यातलं माझं स्वयंपाकघर डोळ्यासमोर आलं. तुम्ही केकसाठी क्रीम घट्ट फेटलं होतं, बीटर उचलला की टोक उभं राहत होतं, तरी अर्ध्या तासात वरचा थर एका बाजूला सरकला आणि कडेचं क्रीम ओघळून बोर्डवर साचलं, असं तुम्ही लिहिलंय. आता २८ मेला लेकीचा वाढदिवस, म्हणून विचारताय की कुठल्या कंपनीचं क्रीम घ्यावं. तुम्ही नागपुरात बेसाला राहता, म्हणजे तुमचा-माझा उन्हाळा एकच. त्यात २८ तारीख ऐन नवतपातली, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांतली.

आधी कंपनी बदलू नका. मी तीन बदलल्या. नवा स्टँड मिक्सरही घेतला. वर्षभर मी क्रीमकडेच बघत राहिले आणि चूक स्पंजमध्ये होती.

टर्नटेबल, नोझल, पॅलेट नाइफ या सजावटीच्या साधनांत जात नाही, ते हाताला सवयीने येतं. माझी जी चूक झाली ती मात्र सविस्तर सांगते, कारण तुमच्या लिहिण्यात तीच दिसते आहे. तुम्ही म्हणता, 'केक पूर्ण गार करूनच क्रीम लावलं.' मीही हेच सांगत होते. भाचीचा पहिला वाढदिवस होता, दोन किलोचा दोन मजली केक करायचा होता. सकाळी स्पंज भाजले, जाळीवर काढले, कूलरसमोर दीड तास ठेवले. हात लावून पाहिलं, गार. कापले, पाक शिंपडला, क्रीम लावलं. संध्याकाळी हॉलवर पोचेपर्यंत वरचा मजला खालच्यात रुतला होता. बहिणीने काही न बोलता आत नेऊन वाट्यांमध्ये वाढला. लोकांनी आवडीने खाल्ला, पण भाचीच्या पहिल्या वाढदिवसाच्या एकाही फोटोत केक नाही. ते मला अजून लागतं.

स्पंज म्हणजे हवेच्या बारीक कप्प्यांची गादी. वरची साल लवकर गार होते, पोटातली ऊब बराच वेळ तशीच राहते. बोटाला फक्त साल कळते. आणि समजा पोटही गार झालं, तरी 'गार' म्हणजे किती? पाककृतीत 'खोलीच्या तापमानाला येऊ द्या' असं लिहिलेलं असतं ते २०-२२ अंशांच्या खोलीसाठी. आपल्याकडे बाहेर पारा ४५ ला टेकतो तेव्हा स्वयंपाकघर ३६-३७ वर असतं. त्या खोलीत स्पंज दिवसभर ठेवला तरी तो ३६ च्या खाली जाणार नाही. लोणी ३२-३५ च्या आसपास वितळतं. क्रीममधली वनस्पती चरबीही तेवढ्या उबेला मऊ पडते, आणि एकदा ती मऊ झाली की तिने धरलेली हवा सुटते. मग फेटणं कितीही छान असो.

हे मला कुणी शिकवलं नाही याचा राग आहे, तो लिहूनच टाकते. मी रीतसर फी भरून दोन दिवसांचा क्लास केला होता. नाव घेत नाही. एसी हॉल, टेबलावर फ्रीजमधून काढलेले, तयार कापलेले स्पंज. सगळ्यांचे केक देखणे झाले. घरी केक पडल्यावर मी चारदा फोन केला. प्रत्येक वेळी एकच उत्तर, ॲडव्हान्स कोर्स करा. फुलं-पानं करायला शिकवता आणि नागपुरात मे महिन्यात स्पंज फ्रीजमध्ये ठेवा हे एक वाक्य सांगत नाही? घरून छोट्या ऑर्डरी घ्यायचं स्वप्न घेऊन बायका तिथे येतात, साठवलेले पैसे घालतात.

असो. आता मी काय करते ते सांगते. मी शिकलेली शेफ नाही, फ्रीजही प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे आधी अर्ध्या किलोवर करून बघा.

स्पंज आदल्या दिवशी भाजायचा. वाफ पूर्ण गेली की क्लिंग फिल्ममध्ये दोनदा घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये. उघडा ठेवला तर कोरडा पडतो. लोण्याचा स्पंज फ्रीजमध्ये घट्ट होतो, तेलाचा मऊ राहतो, म्हणून या दिवसांत तेलाचाच करा. गोठवलेलं नॉन-डेअरी (वनस्पती चरबीचं) क्रीम दहा-बारा तास आधी फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात घ्यायचं, ओट्यावर नाही. बर्फाचे बारीक कण जाणवत असतानाच फेटायचं. भांडं आणि बीटरची पाती पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये. सगळं क्रीम एकदम बाहेर काढू नका. पायपिंग बॅगही (क्रीम भरून पिळायची पिशवी) अर्धीच भरा, तळहाताच्या उबेनेसुद्धा ते सैल होतं. पहिला पातळ थर लावला की केक अर्धा तास फ्रीजमध्ये, मग दुसरा. आणि भाजीत घालायचं २५ टक्के फॅटचं पाकिटातलं फ्रेश क्रीम यासाठी चालत नाही, ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही.

कूलरबद्दल कुणीच बोलत नाही. कूलर हवेत ओल सोडतो. आपल्याला बरं वाटतं, पण फॉन्डंट (साखर मळून, लाटून केकवर घालतात तो थर) चिकट होतो, साखरेची सजावट पाझरते. कूलर बंद केला तर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तोच फॉन्डंट वाळून तडकतो. म्हणून मेमध्ये फॉन्डंट नकोच, माझं ठाम मत आहे. एसी असेल तर तासभर आधी लावून त्याच खोलीत टेबल मांडा. मी बेडरूममध्येच सजवते. एसी नसेल तर पहाटे साडेचारला उठा. दिवसातली सगळ्यात थंड वेळ सूर्योदयाच्या जरा आधीची, तेवढा तास-दीड तास पुरतो.

दोन मजली करू नका. लेक हट्ट करत असेल तर एक किलोचा एकच, जरा उंच करा. माझं ऐकाल तर बाहेरून क्रीमऐवजी डार्क चॉकलेटचं गनाश, म्हणजे क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट, लावा. एक भाग क्रीमला वजनाने दोन भाग चॉकलेट, रात्रभर झाकून ठेवलं की लोण्यासारखं पसरतं आणि फ्रीजमध्ये कडक बसतं. व्हाइट चॉकलेट घेतलं तर तीन भाग. कंपाउंड चॉकलेटला (कोको बटरऐवजी वनस्पती चरबीचं असतं ते) लोक नाक मुरडतात. चव खऱ्या चॉकलेटची नाही हे खरं, पण उन्हाळ्यात ते जास्त टिकतं, आणि वाढदिवसाच्या केकला मी टिकणं आधी बघेन.

वर आंब्याच्या फोडी लावणार म्हणता. छान दिसतील, फक्त कापून टिश्यूवर कोरड्या करा आणि अगदी शेवटी लावा, नाहीतर रस सुटून क्रीमवर पिवळे ओघळ येतात. अंगणातली फुलं खोचायचा विचार असेल तर कण्हेर चुकूनही नको, ती विषारी आहे. सोनेरी पावडरच्या डबीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असलं तरी ती खाण्याची ठरत नाही. डबीवर 'एडिबल' हाच शब्द बघा, लहान मुलं खाणार आहेत.

फ्रीजचं राहिलं. मेमध्ये घरातला प्रत्येक जण दर दहा मिनिटांनी थंड पाण्यासाठी फ्रीज उघडतो आणि आतला गारवा जातो. माझे दोन केक असे मऊ पडल्यावर मी केकच्या दिवशी बाटल्या बाहेर काढून माठ भरायला लागले. घरच्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

संध्याकाळी बोलावणं साडेसातचं असलं तरी आपल्याकडे मंडळी साडेआठला जमतात. तोवर केक आतच राहू द्या, मेणबत्ती लावायच्या वेळीच काढा. आणि लेकीचे केकसोबत दोन-चार फोटो दुपारीच, एसीच्या खोलीत काढून घ्या, मग लगेच परत फ्रीजमध्ये.